एकच रेकॉर्ड तीनदा विकत घेण्याचे शास्त्र

समजा, ‘द शॅडोज’ या इंग्लिश गिटारवाल्यांची १९६१ची पहिली एलपी तुमच्याकडे आहे. ऐकलीत, आवडली. सामान्य माणूस इथे थांबतो. साधकाची साधना मात्र इथून सुरू होते. तीच एलपी दुसऱ्या देशात दाबलेली मिळवायची, दोन्ही आळीपाळीने लावायच्या आणि फरक ऐकू येईपर्यंत उठायचे नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांत, हे व्रत कसे पाळावे याचा विधी अनुभवी माणूस म्हणून देत आहे.

१. घरची परवानगी. चोरबाजारातून दुसरी प्रत आणलीत की पहिला प्रश्न येतो, “ही आहे ना आपल्याकडे?” यावर “हो” म्हणू नये. “ती हेजची, ही दमदमची” असे शांतपणे सांगावे. हेज म्हणजे लंडनजवळचा ईएमआयचा कारखाना. दमदम म्हणजे कलकत्त्याचा, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचा. ज्या बाईला अलिबागचा पांढरा कांदा आणि नाशिकचा लाल कांदा यांतला फरक कळतो, तिला हेही कळायला हवे. आमच्याकडे कळले नाही. कांदे खाता येतात, असे उत्तर मिळाले.

२. आकडे वाचणे. गाणी जिथे संपतात आणि लेबल जिथे सुरू होते, त्या गुळगुळीत पट्ट्यावर बॅटरीचा तिरपा उजेड पाडावा. ‘एक्सएएक्स’ दिसले तर मोनो, ‘वायएएक्स’ दिसले तर स्टिरिओ. हेजच्या प्रतीवर लेबलाच्या कडेला आणखी एकदोन बारीक अक्षरे असतात. ती कुठल्या साच्यातून रेकॉर्ड निघाली ते सांगतात. किल्ली आहे कंपनीच्याच नावात: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी म्हणजे अनुक्रमे एक ते नऊ आणि शून्य. ‘आर’ आणि ‘एम’ दिसले की चोविसावा साचा.

हे काम दार लावून करावे. मी बॅटरी घेऊन आकडे उतरवत होतो, तर शेजारचे काका डोकावले आणि हळूच म्हणाले, “जोडी काय निघाली?” मी बेसावधपणे चोवीस सांगितले. काकांनी लावली. लागली नाही. आमचे बोलणे बंद आहे.

३. मुहूर्त. सकाळी नळाला पाणी, त्यात पोलीस मैदानावरची कवायत. संध्याकाळी मालिका. उरते दुपार; तीही पलीकडच्या वहिनींचा कुकर उतरल्यानंतरची. बाजू पहिली, गाणे पहिले, ‘शाडूगी’. आवाज बेताचा ठेवावा. आमच्या पॅसेजमध्ये मे महिन्यातच विचारणा झाली होती, “गणपतीला एवढा अवकाश असताना शाडूचं गाणं आत्तापासून?”

४. यंत्र. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेला जुना प्लेअर वापरू नये. तिथली वीज ६० सायकलची, आपली ५० ची. जुन्या मोटारी विजेच्या तालावर फिरतात, त्यामुळे मिनिटाला ३३ फेरे घेणारी तबकडी इथे जेमतेम २८ घेते. शॅडोजच्या हँक मार्विनची गिटार मग शोकसभेला आल्यासारखी वाजते आणि तुम्ही दोष दमदमला देता.

५. अमेरिकन प्रत. ही घेऊ नये, असे सांगून मीही घेतली. ‘अपाची’ ही यांची सगळ्यात गाजलेली धून १९६० मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होती; पण पहिल्या इंग्लिश एलपीवरच्या १४ गाण्यांत ती नाही. सुटी रेकॉर्ड घेतलेल्या गिऱ्हाईकाला तेच गाणे पुन्हा विकू नये, अशी तिकडे भिडेची रीत होती. अमेरिकेत हीच धून गाजवली योर्गन इंगमन या डॅनिश माणसाने. मग १९६३ साली अटलांटिक कंपनीने शॅडोजची एलपी काढली. तिकडे लाटांवरच्या फळीची फॅशन होती, म्हणून नाव ठेवले ‘सर्फिंग विथ द शॅडोज’. दादर चौपाटीवर पाय ओले केले म्हणून नायगावकराला कोळी म्हणावे, तसे हे. गाणीही वेगळी. म्हणजे तुलनेला आधारच नाही, पैसे तेवढे गेले.

६. निर्णय. तीन महिने ऐकल्यावर माझा निष्कर्ष एकच निघाला. दमदमच्या प्रतीवर आधीच्या मालकाने पाडलेला चरा आहे आणि ‘शाडूगी’च्या मध्यावर सुई टुणकन उडते. बाकी फरक मला दिवसागणिक वेगळा ऐकू येतो. यावर कुणाला तरी साक्षीला बोलवावे. मला बोलवावे लागले नाही.

अनंत चतुर्दशीला आमच्या मंडळाची मिरवणूक आंबेडकर रोडला लागली. बेंजो पथकाने दोन कोळीगीते उरकली आणि अचानक ‘शाडूगी’ धरली. वाजवणारा पोरगा आमच्याच मजल्यावरचा. दुपारी पॅसेजमध्ये तारा पुसत बसायचा, तो कशासाठी ते तेव्हा उलगडले. धून अचूक चालली होती. मध्यावर आली आणि बेंजो टुणकन उडाला. त्याच्याबरोबर ढोलकी उडाली, ताशा उडाला, नाचणाऱ्यांचा पायही बरोबर तिथेच उडाला. कुणाचा ताल चुकला नाही.

“दमदम!” मी भर रस्त्यात ओरडलो. “ही दमदमचीच!”

बायकोने जरा वेळ ऐकले. म्हणाली, “ही मात्र आपल्याकडे नाही हं.”