जिभेनं हुंगणारे शेजारी

नागाला मारलं की नागीण डूख धरते, हे ज्ञान मला बाराखडीच्या आधी मिळालं. मरणाऱ्या नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्याची छबी उमटते, नागीण येऊन ती बघते, चेहरा पाठ करते आणि मग त्या माणसानं गाव बदललं तरी त्याची सुटका नाही. आजीच्या गोष्टीतल्या एका नागिणीनं तर एसटी बदलून पाठलाग केला होता. तिनं तिकिटाचं काय केलं, असं विचारल्यावर आजीनं मला झोपायला सांगितलं.

सर्पतज्ज्ञ ही गोष्ट ऐकून हसतात, पण ती पार मोडीत काढत नाहीत, हे मला फार आवडतं. सापाच्या शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. त्याला डिवचलं, ठेचलं, की त्यांतला उग्र दर्प जमिनीवर सांडतो. शिवाय मादीच्या कातडीला तिचा स्वतःचा वास असतोच. मिलनाच्या दिवसांत त्या वासाच्या मागानं एखादा नर त्या जागी येऊन पोचू शकतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी अंगणात जो दिसतो, तो खुनाचा तपास करायला आलेला नसतो. तो स्थळ बघायला आलेला असतो आणि ते स्थळ कालच काठीखाली गेलं, हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून वर्षानुवर्षं वैर जपण्याची सोय सापाच्या मेंदूत नाही. ती सोय हिंदी सिनेमाच्या मेंदूत आहे.

सापाचा सगळा प्रपंच वासावर चालतो आणि वास घ्यायला तो जीभ वापरतो. ती जीभ दुभंगलेली का, याची उत्तरं फार जुनी आहेत. महाभारताच्या आदिपर्वात गरुड अमृताचा कुंभ दर्भावर ठेवतो. साप स्नानाला जातात, तेवढ्यात इंद्र कुंभ पळवतो. परत आलेले बिचारे साप निदान सांडलेला थेंब तरी मिळेल म्हणून दर्भ चाटत बसतात आणि दर्भाच्या धारेनं त्यांच्या जिभा चिरतात. ॲरिस्टॉटलला वाटलं, दोन टोकं म्हणजे चवीचं सुख दुप्पट. सतराव्या शतकातल्या होदिएर्ना या इटालियन अभ्यासकानं ठरवलं, की जमिनीला नाक लावून हिंडणाऱ्याला नाकपुड्यांतली माती काढायला असं दुहेरी अवजार हवंच. तिघांपैकी मला दर्भाची गोष्ट जास्त पटते, कारण तिच्यात निदान साप काहीतरी शोधत जमीन चाटतोय.

कर्ट श्वेंक या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1994 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जे मांडलं, ते याच शोधाबद्दल होतं. जीभ बाहेर येते, दोन टोकं फाकतात, हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपतात. जीभ आत गेली की ते कण टाळूवरच्या दोन बारीक छिद्रांतून वर पोचतात. तिथं वासाचं एक खास इंद्रिय असतं. 1813 साली लुडविग याकोबसन या डॅनिश शल्यविशारदानं सस्तन प्राण्यांत त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला आजही याकोबसनचं इंद्रिय म्हणतात. आता खरी गंमत दोन टोकांची. डावं टोक डावीकडचा नमुना आणतं, उजवं उजवीकडचा. दोन्हींची तुलना होते आणि ज्या बाजूला वास दाट, त्या बाजूला साप वळतो. भक्ष्याचा किंवा मादीचा माग तो असा धरतो. घोरपडीची जीभही अशीच दुभंगलेली आणि तिचा धंदाही तोच. साप जीभ लपलपवतो तेव्हा आपण दोन पावलं मागं सरतो. तो मात्र फक्त ‘कोण आलंय?’ एवढंच विचारत असतो.

या जिभेला काय खायचं, हेही कुणी शिकवावं लागत नाही. गॉर्डन बर्गहार्ट यांनी 1960च्या दशकात नुकत्याच जन्मलेल्या, आयुष्यात एक घासही न खाल्लेल्या सापांपुढं कापसाचे बोळे धरले. कुठला बोळा गांडुळाच्या वासाचा, कुठला माशाच्या, कुठला आणखी कशाच्या. पिल्लांनी जीभ लावून पाहिलं आणि आपल्या जातीचं जे अन्न, त्याच वासाच्या बोळ्यावर ती तुटून पडली. नावडत्या बोळ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पंक्तिभेद असा जन्मजात. नागाच्या यादीत उंदीर आहे, बेडूक आहे, प्रसंगी दुसरा सापही आहे. दूध नाही. नागपंचमीला वाटीपुढं बसवलेला नाग जीभ बाहेर काढतो, तेव्हा भाविकांना वाटतं, घेतला नैवेद्य. त्यानं वास घेऊन ‘हे आपलं नव्हे’ असा निकाल दिलेला असतो.

धामणीची कथा याहून नामी आहे. आपल्याकडं पुष्कळांच्या मते धामण ही नागाची बायको. (नागाला नागीणही असते आणि धामणही. यावर पुराणांनी मौन पाळलंय.) पावसाळ्याच्या तोंडावर माळावर दोन साप एकमेकांना पीळ घालून अर्धं अंग उचलून डोलताना दिसले, की माणसं हात जोडतात. त्यांच्यावर पांढरं उपरणं टाकायचं, मग ते घडी घालून पेटीत ठेवायचं, घरात लक्ष्मी येते. या प्रणयाचा फोटो काढून कुणी ना कुणी कौटुंबिक ग्रुपवर टाकतोच आणि खाली हात जोडलेली चित्रं पडतात. वस्तुतः ते दोन्ही नर असतात. दोन्ही धामणीच, आणि कुस्ती चाललेली असते. कुणी कुणाला चावत नाही, दुसऱ्याचं डोकं जमिनीला टेकवायचं एवढाच डाव. जिच्यासाठी हे चाललंय, ती मादी आपल्या वासाचा माग जमिनीवर सोडून जवळपास कुठंतरी असेल. आता या आखाड्यावर अचानक वरून उपरणं पडतं. दोघा पैलवानांना त्यातून काय बोध होत असेल, कोण जाणे. ज्यांच्या पेटीत असं उपरणं आहे, त्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचं बरं चाललंय.

वासाच्या कारभारात फसवणूकही आली. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या नार्सिस इथं गार्टर जातीचे साप हिवाळाभर चुनखडीच्या कपारींत झोपतात आणि वसंतात हजारोंनी वर येतात. मादीचा निरोप तिच्या कातडीवरच्या स्निग्ध पदार्थांत असतो. 1989 साली रॉबर्ट मेसन आणि सहकाऱ्यांनी तो रसायनांपर्यंत उलगडला. लांब साखळीचे मिथिल कीटोन. हा वास दुरून दरवळत नाही, जीभ टेकवूनच वाचावा लागतो. एकेका मादीभोवती नरांचा गोळा होतो. पण काही नरांच्या अंगालाही हाच वास येतो आणि बाकीचे नर त्यांच्यामागं लागतात. हा काय प्रकार, हे पुढं रिचर्ड शाइन आणि मंडळींनी दाखवलं. नुकताच बिळातून आलेला नर गारठलेला आणि मंद असतो, कावळ्यांच्या तावडीत सापडण्याजोगा. मादीसारखा वास सुटला, की भोवती प्रेमिकांची झुंबड होते, ऊब मिळते, संरक्षण मिळतं. एकदोन दिवसांत अंगात धग आली की वास जातो आणि हे महाशय स्वतः दुसऱ्या मादीच्या शोधात निघतात. काल ज्यांनी ऊब दिली, त्यांच्याशीच आज स्पर्धा.

घराच्या भिंतीवर पाल असते, तिच्याकडं आपण फक्त चुकचुकण्यापुरतं लक्ष देतो. पालीतल्या नराच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची रांग असते आणि त्यातून मेणासारखा पदार्थ पाझरतो. ट्यूबलाइटच्या पट्टीमागची हद्द कुणाची, हे त्यातून दुसऱ्या पालींना कळतं. आपण दिवाळीला भिंत रंगवतो, तेव्हा किती सातबारे पुसले जातात याचा हिशोब कुणी ठेवत नाही. बागेतला सरडा मात्र या भानगडीत नाही. त्याला ती छिद्रंच नाहीत. तो दिसण्यावर जगतो. कुंपणावर चढायचं, गळा लाल करायचा, जोर काढायचे.

पालींच्याच कुळातला, ठिपक्यांचा एक देखणा प्राणी पाकिस्तान-अफगाणिस्तानकडं सापडतो, लेपर्ड गेको. त्याच्यावरच्या 1990च्या अभ्यासात एक दांपत्यकलह नोंदला आहे. नर मादीला ओळखतो तो तिच्या कातडीच्या वासावरून. मादी कात टाकायला आली, की वरची जुनी कातडी सुटते आणि ओळखीचा वास हरवतो. मग नर त्याच मादीवर परक्या नरासारखा चालून जातो. कात टाकून झाली, नवी कातडी उघडी पडली, की पुन्हा लाडीगोडी सुरू. समोर तीच आहे, हे डोळ्यांना दिसत असणार, पण डोळ्यांवर त्याचा विश्वास नाही.

बेडकांच्या बाबतीत आपण कानावर गेलो. ते डराव डराव करतात, म्हणजे त्यांचा सगळा व्यवहार आवाजाचा, असं पुष्कळ काळ अभ्यासकही धरून होते. मग 1999 साली ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या झाडबेडकाचा नर पाण्यात एक पेप्टाइड सोडून मादीला बोलावतो, असं सापडलं. आणि बेडूकमासे? त्यांना तर कंठच फुटलेला नसतो. डबक्यात भेकाची काळी पिल्लं एकमेकांना चिकटून थव्यानं हिंडतात, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एस. के. सायदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिल्लांना प्रश्न विचारला, भावंडं ओळखता का? टाकीच्या एका टोकाला सख्खी, दुसऱ्या टोकाला परकी, मधे परीक्षार्थी. परीक्षेआधी त्यांना उकडलेला पालक खायला घातला होता, ही नोंद वाचून मला त्या प्रयोगशाळेबद्दल माया वाटली. पिल्लं सख्ख्यांकडं गेली. जन्मापासून एकटी वाढवलेली, भावंडांचं तोंड न पाहिलेली पिल्लंसुद्धा. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की ओळख डोळ्यांनी नाही, पाण्यातल्या वासानं पटते. आमच्याकडं लग्नात ‘ओळखलंस का मला?’ म्हणून दरडावणारे काका भेटतात, तेव्हा मला या सोयीचा हेवा वाटतो.

आणि देवगांडूळ. गांडूळ नव्हे, साप नव्हे, बेडकाचा बिनपायाचा चुलता. सिंधुदुर्गात आंबोलीच्या परिसरातून 2003 साली त्याची एक नवी जात नोंदली गेली आणि तिला ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. मातीतच जन्म काढायचा म्हणून डोळे जेमतेम. त्या बदल्यात डोळा आणि नाकपुडी यांच्या परिसरात एक चिमुकली स्पर्शिका असते, ती बाहेर येते, कण टिपते आणि थेट याकोबसनच्या इंद्रियाला पोचवते. आंबोलीला धबधब्याखाली भिजायला आणि कणीस खायला जाणाऱ्या गर्दीच्या पायाखाली हे वाचन निमूट चालू असतं.

केवड्याच्या बनात साप असतो, रातराणीला साप येतो, हेही आपल्याला लहानपणापासून ठाऊक. सापाला सुगंधाचा शौक आहे अशी आपली समजूत. केवड्याची जाळी दाट असते, आत उंदीर असतात, आडोसा असतो. रातराणीवर रात्री किडे येतात, किड्यांसाठी बेडूक येतात. साप वासाच्या मागं येतो हे खरंच, फक्त तो वास फुलाचा नसून बेडकाचा असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तस्कर जातीचा साप निघाला. सर्पमित्र आले, त्यांनी त्याला अलगद पिशवीत घेतलं आणि जाताना पाण्याच्या टाकीमागचा राडारोडा आणि कचऱ्याच्या डब्याभोवतीची उंदरांची बिळं दाखवली. हे काढा, तो यायचा नाही. संध्याकाळी तातडीची सभा भरली. एकानं सर्पगंधा लावायला सुचवलं, एकानं लसूण ठेचून टाकायला, तिसऱ्यानं रातराणी तोडायला. सर्पमित्रांनी फोनवर सांगितलं, यातलं काही चालत नाही, फिनेलही नाही. सभेनं फिनेल मंजूर केलं. आता दर रविवारी कुंपणाच्या कडेनं ते शिंपडलं जातं. सापाला त्यातून काय कळतं, ठाऊक नाही, पण कमिटी कामाला लागलीय, हे चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्या सभासदांना नाकानं कळतं आणि देखभाल खर्चाबद्दलच्या तक्रारी थांबल्या आहेत. रातराणी तोडण्याचा ठराव एका मतानं पडला. उंदरांचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला.