कॅमेऱ्याला सगळं दिसतं, नंबर सोडून

खाप्यात घरापुढे कॅमेरा लावला. हेतू एकच: मध्यरात्री कन्हान नदीची रेती घेऊन धावणाऱ्या ट्रकचा नंबर टिपायचा. फुटेज पाहिलं, तर नंबरप्लेटच्या जागी पांढराफटक चौकोन! जाणकार म्हणाला, "भाऊ, प्लेट चकाकते, कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड परत फेकते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणा, झूम लेन्स घ्या, कॅमेरा खाली आणून प्लेटच्या समोर धरा." सगळं केलं. आता 'एमएच ४०' लख्ख दिसतं, पुढचे आकडे चिखलाखाली. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. ती उघडी ठेवणं मात्र ऐच्छिकच दिसतं. शेजारच्या काकांची स्कूटर तेवढी रोज बिनचूक सापडते.