सूर्यनारायणा, हिशेब दे!

सूर्यनारायणा,

मे महिन्यात कामठीत पारा ४५ च्या पुढे नेतोस, त्याबद्दल हे पत्र नाही. त्या उन्हाला आम्ही कूलर, पन्हं आणि डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याने पुरून उरतो. उन्हात निदान समोरून वार करतोस. विमानात बसलेल्यांवर करतोस तो वार दिसत नाही, त्याची झळही लागत नाही. सकाळी अर्घ्य घेणाऱ्याला हे शोभतं का?

तुझ्यावर मोठा स्फोट झाला की कधी कधी त्यातून सुटलेले वेगवान प्रोटॉन काही मिनिटांतच पृथ्वीवर येऊन धडकतात. जमिनीवर आम्हाला वातावरणाचा जाड थर वाचवतो. विमान ३५-४० हजार फुटांवर गेलं की त्यातला बहुतेक थर खालीच राहतो. मग आधार उरतो पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. तो विषुववृत्ताकडे भक्कम, ध्रुवांकडे कमजोर. म्हणून नागपूर-मुंबई करणाऱ्यापर्यंत तुझा हात सहसा पोचत नाही. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला उत्तर ध्रुवाजवळून जाणारं विमान मात्र तू गाठतोस. दुबळी बाजू बरोबर हेरतोस!

तुझ्या बाजूचंही सांगते. विमानातला रोजचा किरणोत्सर्ग मुख्यतः दूरच्या फुटलेल्या ताऱ्यांकडून येणाऱ्या वैश्विक किरणांचा. तू खवळलेला असतोस त्या वर्षांत तुझं चुंबकीय क्षेत्र त्यातले बरेच परतवतं. तू थंडावलास की ते वाढतात. म्हणजे राखणही तूच करतोस आणि दरोडाही तूच घालतोस.

तू किती खवळतोस याचा पुरावा हवा? सप्टेंबर १८५९ मधल्या तुझ्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदवली. आता पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेत घडलेली दुर्बीण घेऊन ‘आदित्य-एल१’ हे यान जानेवारी २०२४ पासून तुझ्यासमोर उभं आहे. नाव तुझंच, पाळतही तुझ्यावरच. तरी पुढचा मारा नेमका कधी, हे तू आधी कळू देत नाहीस.

एखाद्या फेरीने प्रवाशाचं फारसं बिघडत नाही. वर्षानुवर्षं ध्रुवाजवळच्या वाटेने जाणाऱ्या वैमानिकांचं आणि हवाई सुंदरींचं काय? त्यांना मिळालेल्या किरणोत्सर्गाची एकूण मात्रा वाढत जाते. युरोपने १९९६ मध्येच नियम केला: वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू शकणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांचा हिशेब ठेवायचा, त्यांना धोका समजावून सांगायचा आणि गर्भवतीच्या पोटातल्या बाळाला जपायचं.

तुला समन्स बजावता येत नाही. म्हणून या पत्राची प्रत विमान कंपन्यांना आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला. ध्रुवाकडच्या वाटेने उडणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात दरवर्षी तिच्या किंवा त्याच्या मात्रेचा लेखी आकडा पडला पाहिजे. गर्भवतीला त्या फेरीला नकार देता आला पाहिजे, आणि त्यापायी तिचा एक रुपयाही कापला जाता कामा नये. तुझ्या उद्रेकावर कुणाचा इलाज नाही. हिशेब ठेवणं मात्र माणसांच्या हातात आहे, आणि तो आम्ही मागत राहणार.

कामठीची एक रहिवासी