आधी जळवा, मग कासवं

आमच्या घरात सहलीचे दोन पक्ष आहेत. मला पाण्याखाली जायचं असतं आणि नवऱ्याला मान वर करून झाडं बघायची असतात. दोघांचं एका खर्चात भागेल अशी जागा म्हणजे बोर्निओ. त्यातही मलेशियाच्या वाट्याला आलेला साबाह. तिथल्या पूर्व किनाऱ्यापासून जवळच सिपादान आहे. समुद्राच्या तळापासून सुमारे ६०० मीटर सरळ उभा आलेला हा डोंगर पाण्याबाहेर जेमतेम टाळू काढतो. आणि तिकडे किनाबातांगान नदीच्या काठी अशी माकडं, की ज्यांच्या नरांचं नाक तोंडाच्याही खाली लोंबतं. त्यांचा फोटो बघताक्षणी नवऱ्याने रजेचा अर्ज टाकला.

खरं भांडण क्रमावरून पेटलं. मी म्हटलं, आधी समुद्र. जळवा चावल्यावर त्या खाजऱ्या अंगावर घट्ट वेटसूट चढवायचा माझा विचार नव्हता. तारकर्लीला मी डायव्हिंग शिकत होते तेव्हा हा माणूस किनाऱ्यावर सोलकढी पीत बसला होता. तोच आता एका रात्रीत नायट्रोजनचा अभ्यासक झाला. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. लागोपाठ डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये म्हणतात. उंच डोंगरही वर्ज्य. "म्हणजे ४०९५ मीटरचा किनाबालू आधीच उरकला पाहिजे," असं म्हणून त्याने वर पुस्ती जोडली, "मी तुझ्याच तब्येतीसाठी सांगतोय."

तब्येतीचं नाव काढल्यावर बायकोने काय बोलायचं? ठरलं. आधी डोंगर, मग जंगल, शेवटी समुद्र आणि सगळ्यात शेवटी १८ तासांचं नायट्रोजनचं सुतक.

जंगलाची तयारी सासूबाईंनी हातात घेतली. त्या आंबोलीच्या. लीच सॉक्स म्हणजे पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढायचे जाड कापडी मोजे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. बोर्निओत एक जळू जमिनीवरून येते आणि दुसरी, पट्टेरी, पानाच्या टोकावर बसून वाट बघते, त्यामुळे ती थेट कमरेपाशी भेटते, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जळवा बघायला पासपोर्ट कशाला लागतो गं?" मग तंबाखू-चुन्याची डबी माझ्या बॅगेत सरकवली. ती विमानतळावर कोणी उघडायला लावली तर काय सांगायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सेपिलोकचं प्रकरण त्याहून नाजूक. अनाथ झालेल्या ओरांगउटानांना तिथे १९६४ पासून पुन्हा जंगलात राहायला शिकवतात. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला फलाटावर फळं ठेवतात. ज्याला वाटेल तो येतो. पण जंगलात फळं पिकली की फारसं कोणी फिरकत नाही, आणि पाहुणे जेवायला आले नाहीत म्हणून आनंद मानणारे यजमान मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. नवरा सध्या जंगलातली फळं कधी संपतात याची चौकशी करतोय. मला हे जरा अमानुष वाटतं.

राफ्लेसियाचं नाव मात्र आम्ही दोघांनी एकमताने खोडलं. कळी महिनोन्‌महिने फुगत राहते, फूल आठवडाभरही टिकत नाही, आणि जवळ गेलं तर कुजक्या मांसाचा वास. उमललं की गावकरी रस्त्याकडेला पाटी लावतात आणि पैसे घेऊन दाखवतात म्हणे. वाटेत पाटी दिसली तर उतरू; नाक दाबून.

सिपादानवर तर राहताच येत नाही. बेटावरची हॉटेलं २००४ च्या अखेरीस हलवली. आता मुक्काम माबुल किंवा कापालाईला, आणि रोजचे परवाने मोजके. हॉटेलवाल्यांचं उत्तर सगळीकडे एकच: आमच्याकडे अमुक रात्री राहा, मग त्यातला एक दिवस सिपादान देऊ. कोणता दिवस, ते तिथे आल्यावर. म्हणजे कासवांचा दिवस पक्का, तारीख तेवढी त्यांची.

राहता राहिला सुतकाचा दिवस. मी तो झोपेसाठी राखला होता. नवऱ्याने शोधून काढलं की विमानतळाच्या गावाजवळच, तावाऊला, उंच झाडांचं जंगल आहे. डानुमच्या खोऱ्यातलं १००.८ मीटरचं झाड हुकतंय, निदान हे तरी बघू, असा त्याचा आग्रह. "तावाऊ हिल्स," मी नकाशावर बोट ठेवून वाचलं. "सुतकात डोंगर चालत नाही."

"चढायचंय कुणाला? खालून बघायचंय."

सध्या मी त्या उद्यानाच्या फाटकाची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधते आहे.