रोवणी कोण करणार?

ग्लेन मेलेला नाही. वर पडलंय ते निकोलसचं प्रेत, आणि झोंबी ओरबाडताहेत ती आतडीही निकोलसचीच. ऑक्टोबर 2015 मध्ये ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन झोंबी मालिकेच्या चाहत्यांनी हा निकाल देऊन टाकला.

ग्लेन मेल्याची थाप पचावी म्हणून वाहिनीने काय काय केलं! पुढच्या भागाच्या श्रेयनामावलीतून ग्लेन साकारणाऱ्या नटाचं नावसुद्धा उडवलं. चाहते बधले नाहीत. कोण कुणाच्या अंगावर पडलं, कॅमेरा कुठे थांबला, कुठून हलला, सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं. चार आठवड्यांनी ग्लेन कचऱ्याच्या पेटीखालून जिवंत बाहेर आला.

प्रेक्षक जिंकला. वाहिनी उघडी पडली.

हुशार प्रेक्षकाला फसवता येत नाही म्हटल्यावर करायचं काय? उत्तरच द्यायचं नाही. 3 एप्रिल 2016 ला सहावा हंगाम संपला. नेगन नावाच्या खलनायकाने अकरा जणांना गुडघ्यांवर बसवलं, काटेरी तार गुंडाळलेली बॅट उगारली, घाव घातला आणि पडदा काळा. कोण मेलं? ऑक्टोबरमध्ये सांगू!

साडेसहा महिने. तेवढ्यात इकडे गोंदियात पऱ्हे टाकून, रोवणी होऊन, धान कापणीला येतं.

ज्यांनी मूळ चित्रकथा वाचली होती त्यांना ग्लेनचं मरण 2012 च्या शंभराव्या अंकापासून ठाऊक होतं. बाकीच्यांनी उन्हाळा अंदाजात घालवला. 23 ऑक्टोबरचा भाग अमेरिकेत सुमारे 1 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला. आधी अब्राहम गेला, मग ग्लेन. ज्याला एकदा खोटं मारून परत आणलं, त्यालाच खरं मारलं. नोव्हेंबर 2022 मध्ये 177 वा, शेवटचा भाग आला तेव्हा त्या रात्री टीव्हीपुढे 25 लाखही उरले नव्हते. सगळा दोष त्या बॅटचा नाही, ओटीटीनेही लोक ओढून नेले. पण मोठी गळती सुरू झाली ती त्या घावानंतरच्या हंगामात.

आपल्या वाहिन्या वेगळ्या आहेत का? ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका 2016 मध्ये आली तेव्हा घराघरांत जेवणाच्या ताटावर खुनी ठरत होता. त्यातले अण्णा नाईक पहिल्याच भागात गेलेले. 2019 मध्ये कथा मागे नेऊन त्यांना जिवंत दाखवलं. माधव अभ्यंकरांनी अण्णा असे उभे केले की 2021 च्या तिसऱ्या पर्वात त्यांना भूत होऊन यावं लागलं. मेलेला माणूस लोकप्रिय ठरला की वाहिनी त्याला मरू देत नाही.

झाडीपट्टीत हे चालत नाही.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि नाटकाचा पट्टा. भाऊबीज आली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. वडशाच्या नाटक कंपन्या ट्रकमध्ये पडदे आणि दिवे घालून आज या गावात, उद्या त्या गावात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. आणि अंदाज? पुढच्या रांगेतली आजी दुसऱ्या अंकातच शेजारणीला सांगून मोकळी होते, ‘थो काही मरत नाई, पाहून घेजो.’ मागून कुणीतरी खलनायकाला शिवी हासडतो. प्रॉम्प्टरच्या आधी पुढचं वाक्य प्रेक्षकांतून येतं, आणि ते ऐकून नट आपली चाल बदलतो. इतकी ताजी प्रतिक्रिया जगातल्या कुठल्याही मालिकेच्या लेखकाच्या नशिबी नाही.

पण निकाल त्याच रात्री लागतो. खुनी कोण ते न सांगता पडदा पाडून ‘पुढच्या मंडईला या’ म्हणायची कुठल्या निर्मात्याची छाती आहे? गाव ट्रक बाहेर निघू देणार नाही. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर हयात घालवली म्हणून. प्रेक्षकाचं देणं ठेवायचं नाही, हा इथला साधा व्यवहार आहे.

आता चाहत्यांकडे वळू. ते माझेच लोक आहेत, म्हणून जास्त बोलतो.

गोंदियातल्या कुठल्याही चहाच्या ठेल्यावर कॉलेजची चार पोरं बसली की झोंबींचा विषय निघतो. कोरियन मालिका, अमेरिकन मालिका, सगळं हिंदीत ऐकून तोंडपाठ. कोण दगा देणार, कोण चावलं गेलं आणि लपवतंय, कुणाचा पुढच्या भागात नंबर. मी असतो तर नागझिऱ्यात मचाणावर जाऊन बसलो असतो, असंही एखादा सांगतो. डोकी तल्लख आहेत, स्मरणशक्ती दांडगी आहे.

आणि प्रश्न एवढासा. कोण मरणार?

हा प्रश्न तुमचा नाही, वाहिनीने तुमच्या हातात दिलेला आहे. तुमच्याकडे याहून मोठे प्रश्न आहेत. काही चाहत्यांनी ते विचारलेही. सरकार संपलं, वीज गेली, मग अंगणातलं गवत इतकं नीट कोण कापतंय? साठवलेलं पेट्रोल वर्षा-दीड वर्षात खराब होतं, मग या गाड्या पळतात कशावर? असं विचारणाऱ्याला लोक रसभंग करणारा म्हणतात. मला तो त्या घोळक्यातला सर्वांत चांगला प्रेक्षक वाटतो.

त्याच्या पुढचा प्रश्न गोंदियाच्या पोरांनी विचारायला हवा. रोवणी कोण करणार?

जुलैत अर्जुनी मोरगावच्या बांध्यांत जाऊन बघा. पोटरीभर चिखल, वरून पाऊस, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने त्यातली दोन-चार रोपं सुटी करून अंगठ्याने चिखलात खोचायची आणि एक पाऊल मागे. पुन्हा तेच, दिवस मावळेपर्यंत. बायकांची ओळ एका लयीत मागे सरकते. एकीची कंबर धरली तर दोघी तिचा वाटा ओढतात. पऱ्हे जुने झाले की उत्पन्न घटतं, म्हणून सगळ्या गावाची घाई एकाच पंधरवड्यात. बंदूक कितीही मोठी असो, एकटा वीर एवढी शेती रोवू शकत नाही. जगबुडीनंतर कोण तगणार याचं उत्तर नेमबाजाकडे नाही, त्या ओळीत आहे.

कधी कधी मालिकावाल्यांनाही हे सुचतं. ‘द लास्ट ऑफ अस’चा जानेवारी 2023 मधला तिसरा भाग आठवा. बिल आणि फ्रँक, ओसाड गावात राहणारे दोन पुरुष. फ्रँक बिलची एक बंदूक देऊन स्ट्रॉबेरीचं बियाणं घेतो आणि वाफा फुलवतो. सगळ्या मालिकेत याहून शहाणा सौदा नाही. बरेच चाहते रडले. काही चिडले, की कथा पुढे सरकली नाही.

सरकली नाही? बंदुकीच्या बदल्यात बियाणं आलं, आणखी किती सरकायची?

आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’नेही 2022 मध्ये नेमकी जागा धरली होती. डोंबिवलीत रोग पसरतो तो पाण्यातून. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि मधे पाणी कुणाचं हा सवाल. मराठी प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागला नाही.

पाण्याचंच निघालं तर, खरं भाकीत कसं असतं ते नवेगाव बांधच्या तलावावर दिसतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो तलाव बांधला. पाऊस कधीतरी दगा देणार, हे त्यांनी ओळखलं आणि आधीच पाळ घातली. लोकांनी त्यांना कोलासूर देव म्हणून तलावाभोवतीच्या एका टेकडीवर बसवलं. तलाव अजून भरतो. आपल्या जिल्ह्यात तगून राहण्याची याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही, आणि तिच्यावर मालिका नाही.

राहिलं झोंबी मालिकांचं लाडकं भाकीत. संकट आलं की माणूस माणसाला खातो म्हणे. 2020 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, ते तपासून झालं. मार्चअखेर महाराष्ट्रभर गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, बाहेरच्याला आत येऊ दिलं नाही. भीती होती, आणि भीतीपोटी वाईट वागलेली माणसंही होती. ते नाकारायचं कारण नाही. पण भर उन्हाळ्यात देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गाने मजूर बायकापोरांसह पायी निघाले, तेव्हा वाटेवर अन्न-पाणी घेऊन उभी राहिली तीही याच मुलखातली माणसं. त्यांना पटकथा कुणी लिहून दिली नव्हती.

म्हणून ठेल्यावरच्या दोस्तांना सांगणं आहे. पुढच्या हंगामाचा अंदाज जरूर बांधा, पण ‘कोण मरणार’ हा प्रश्न सोडा. पाणी कुठून येतं, बियाणं कुणी राखलं, रोवणीला किती हात आहेत, ते विचारा. हंगाम उत्तर न देता संपला तर पुढचा बघू नका. आणि भाऊबीजेनंतर जवळच्या मंडईत नाटक लागलं की तिकीट काढा. थंडी असते, शाल घेऊन जा. पहाटेपर्यंत निकाल लागलेला असतो.