पडीक ठेवील त्याची हवा

दिल्लीच्या हवेला एरवी मालक सापडत नाही. दिवाळीनंतरचा धूर कोणाचा म्हणून विचारलं, की दिल्ली पंजाबकडे बोट दाखवते, पंजाब हरियाणाकडे आणि हरियाणा वाऱ्याकडे. हीच हवा मेगाहर्ट्झमध्ये मोजायला घ्या. 470 ते 590 च्या पट्ट्यावर शास्त्री भवनातलं माहिती-प्रसारण मंत्रालय, मंडी हाऊसमधलं दूरदर्शन आणि संचार भवनातलं दूरसंचार खातं असे तीन वारसदार सातबारा घेऊन हजर.

पट्टा दूरदर्शनचा. त्यात पंधरा चॅनेलांची जागा. आयआयटी मुंबईने 2014 च्या सुमारास हिशेब मांडला, तेव्हा देशात जवळपास सगळीकडे पंधरांपैकी किमान बारा जागा रिकाम्या निघाल्या. गच्चीवरचा अँटेना कावळ्यांना देऊन लोक केव्हाच केबलकडे गेले होते. या लहरींचा गुण असा, की त्या झाडाझुडपांतून काही किलोमीटर सहज जातात. आपलं वायफाय स्वयंपाकघराच्या भिंतीशीच दम टाकतं. म्हणून आयआयटीच्याच प्रा. अभय करंदीकरांच्या चमूने पालघरजवळच्या खामलोलीत या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. चाललं. दिल्लीत एखादी गोष्ट चालणं हाच तिच्याविरुद्धचा पहिला पुरावा.

मग रिकाम्या लहरींवरच्या याच इंटरनेटला ‘व्हाइट-फाय’ म्हणत मायक्रोसॉफ्ट आलं आणि मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने हरकत घेतली. आम्ही 2015 च्या लिलावात लाख कोटींहून जास्त बोली लावायच्या आणि यांना फुकट? हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. त्यातून, 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे 122 परवाने रद्द केल्यापासून लिलावाविना लहर द्यायची म्हटलं, की बाबूची सही थरथरते. (लहर पडून राहिली तर कोणी चौकशी लावत नाही.) 2016 मध्ये तोडगा निघाला: प्रयोग करा, धंदा करू नका. म्हणजे इंटरनेट चालतं हे हवं तितक्या वेळा सिद्ध करा, फक्त ते कोणाला विकू नका.

अमेरिकेतही 2008 मध्ये हेच भांडण झालं. आमचे वायरलेस माइक खरखरतील, म्हणून नाटकवाले ओरडले. पण त्यांच्या हातात निदान माइक तरी होते. आपल्याकडे 2022 पर्यंत दूरदर्शननेच आपले जुने ॲनालॉग प्रक्षेपक मोजके पन्नास सोडून जवळपास सगळे बंद केले. कसेल त्याची जमीन, हा कायदा जमिनीपुरता. आकाश पडीक ठेवील त्याचं.

बरं, लिलावाने तिजोरी भरेल म्हणावं, तर वरचा 700 मेगाहर्ट्झचा पट्टा 2016 मध्ये कोणी घेतला नाही, 2021 मध्येही नाही. शेजारचा 600 चा पट्टा सरकारने 2022 मध्ये लिलावाला काढला. त्यावर एकही बोली आली नाही.