समुद्राशी आमचा काय संबंध?

कसबा बावड्यातील सुज्ञ नागरिकास समुद्ररक्षणाविषयी पृच्छा केली असता, तो सह्याद्रीपलीकडे अंगुलिनिर्देश करून ती तजवीज कोकणवासीयांवर सोपवील, यात संशय नाही. परंतु राजाराम बंधाऱ्यावरून लोटणारी पंचगंगा, जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून नृसिंहवाडीस कृष्णेत विलीन होते. आणि आम्ही ओढ्यात भिरकावलेली पिशवी, वाटेतील धरणांनी अडविली नाही तर, कर्नाटक, तेलंगण व आंध्र हे मुलूख विनापरवाना ओलांडून बंगालच्या उपसागरात रुजू होण्यास मुखत्यार असते, हा भूगोल शालेय परीक्षेनंतर आमच्या दप्तरातून खारीज झालेला आहे.

तीच पिशवी ओढ्यापूर्वीच उचलून, लाइन बाजारच्या कचराडेपोत भर पडू न देता, पुनर्वापराच्या मार्गास लावणारी कचरावेचक स्त्री दारी आली, की मात्र आम्ही प्रथम चपला मोजतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तिच्या कार्यास रीतसर मान्यता दिली. आम्ही तिला ओल्या-सुक्याची सरमिसळ देतो आणि पिण्यास पाणी मागितल्यास नळ गेल्याचे कळवितो. सागररक्षणाच्या सभेचे आमंत्रणही तिला नसते. तथापि अध्यक्षीय समारोपानंतर, व्यासपीठावरील पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करण्यास तिची उपस्थिती सर्वानुमते प्रार्थनीय मानली जाते.